पेलेल एवढी सुरुवात

वजन म्हणजे हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी या सगळ्यांची बेरीज. ते कमी करायचे असे माणूस ठरवतो तेव्हा त्याला या बेरजेतली चरबी तेवढी उतरवायची असते; बाकीचे सगळे जपायचे असते. चरबी हा शरीराने अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला साठा आहे. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तेला-तुपाच्या एका ग्रॅममधून ९. अंगावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी पोटात गेल्या, तर हा एक किलो उतरायला पंधरवडा लागतो. वर्षानुवर्षे साठलेले आठ-दहा किलो उतरवायचे तर ते काम कित्येक महिन्यांचे आहे, आणि उतरलेले पुन्हा चढू न देण्याचे काम त्याहून लांबचे. म्हणून सुरुवातीला एकच कसोटी लावावी: आज जे सुरू होते आहे, ते पुढच्या वर्षीही याच घरात, याच दिनक्रमात पेलणार आहे का?

पहिले पाऊल मोजण्याचे. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३२ मध्ये वजन आणि उंचीचा वर्ग यांचा संबंध मांडला. १९७२ मध्ये अमेरिकी संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी या गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले आणि बीएमआय ही तीन अक्षरे दवाखान्यादवाखान्यात पोचली. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ६४ किलो वजनाच्या व्यक्तीचा बीएमआय २५ येतो. युरोपीय माणसासाठी जास्त वजनाची सीमा इथे सुरू होते. भारतीयांसाठी मात्र डॉक्टर ती २३ वर धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात.

हा फरक का, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यातही हेच दिसले: इथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी जन्मतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नसते, कमी असतात ते स्नायू. दिसायला सडपातळ माणसाच्या पोटातही चरबी साठलेली असू शकते, आणि मधुमेह व हृदयविकार यांच्याशी या चरबीचे नाते अधिक जवळचे आहे. म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही महत्त्वाची. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजावा. भारतीय पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असणे बरे.

मोजमापाबरोबरच डॉक्टरांची भेटही सुरुवातीलाच व्हावी. थायरॉइडचे काम मंदावले असेल, काही विशिष्ट औषधे चालू असतील, तर वजनाचे कारण तिथेही असू शकते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण अचानक कमी केले, तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. चालताना छातीत दुखणे, धाप लागणे, गुडघ्याला सूज येणे या गोष्टी व्यायामाआधी तपासून घ्यायच्या असतात. गरोदर स्त्रियांनी आणि वाढीच्या वयातल्या मुलांनी वजन उतरवण्याचा आहार मनाने घेऊ नये.

वजन वाढले याचा अर्थ माणूस आळशी किंवा हावरट आहे, असा निकाल समाज चटकन देतो. आपले जुने वैद्यक इतके घाईचे नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलतेची कारणे दिली आहेत. जड, गोड आणि स्निग्ध पदार्थांचे अति सेवन, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्याच रांगेत तिथे बीजस्वभावही आहे, म्हणजे आईवडिलांकडून आलेली प्रकृती. आजचे संशोधन या यादीत भोवतालची भर घालते. अमेरिकेतल्या केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात अति प्रक्रिया झालेले अन्न आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न दिले. दोन्ही ताटांत साखर, स्निग्ध, तंतू आणि मीठ सारखेच ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर ती माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. त्यांची इच्छाशक्ती मधल्या काळात बदलली नव्हती. समोरचे ताट बदलले होते. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने स्वतःला दोष देण्यात शक्ती घालवू नये, ती ताट बदलण्यासाठी राखावी.

ताट बदलण्याआधी ते नीट पाहावे लागते. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी १९९२ मध्ये, कमी खाऊनही वजन उतरत नाही असा अनुभव सांगणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास केला. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च ठीक निघाला. मात्र त्यांनी सांगितलेल्या आहारापेक्षा प्रत्यक्ष आहार बराच जास्त होता: खाल्लेले ते सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. खाल्लेले सगळे माणसाच्या लक्षात राहत नाही. म्हणून पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त लिहून काढावा. काय खाल्ले, केव्हा, किती, आणि त्या वेळी भूक होती का, एवढ्या चार गोष्टी वहीत आल्या तरी पुरे.

मराठी घरात अशी वही ठेवली तर तिच्यात जेवणापेक्षा जेवणांच्या मधल्या गोष्टी अधिक बोलू लागतात. दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे तीसहून अधिक ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. चहाबरोबरची खारी किंवा बिस्किटे, संध्याकाळी डब्यातून मुठीने घेतलेला चिवडा, भाजीत आणि कोशिंबिरीत पडणारे दाण्याचे कूट, ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक, मुलांच्या ताटात उरलेली अर्धी पोळी. उपासाचा दिवसही वहीत वेगळा दिसतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात दाण्याचे कूट, तूप आणि बटाटा मिसळला की खिचडीची भरलेली बशी नेहमीच्या जेवणाला मागे टाकते. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण अनुभवातूनच आलेली आहे.

वहीतून चित्र स्पष्ट झाले की बदल एका वेळी एक-दोनच निवडावेत, आणि जिथे कमी त्रासात जास्त फरक पडतो तिथून सुरुवात करावी. बहुतेक घरांत अशी जागा तेलाचा डबा ही असते. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल येते, म्हणजे ३४० कॅलरी. तेच तीन लिटरवर आणले तर वाटा २३ ग्रॅमच्या आसपास येतो आणि माणशी रोज सव्वाशेहून अधिक कॅलरी कमी होतात. ताटातला एकही पदार्थ वगळावा लागत नाही. यासाठी फोडणी थेट बाटलीतून किंवा किटलीतून न ओतता चमच्याने मोजून घालणे, भाजी झाकण ठेवून वाफेवर शिजवणे आणि तळण आठवड्यातल्या एखाद्या दिवसापुरते ठेवणे, एवढे पुरते. साखरेचेही तसेच. चहातली साखर एकदम बंद केली तर चार दिवसांत माणूस परत फिरतो. दोन चमच्यांवरून दीड, मग एक असे उतरले तर जीभ हळूहळू सरावते.

दुसरा बदल ताटातल्या वाट्यांचा. चरकाने स्थूल माणसासाठी दिलेले सूत्र आजही तंतोतंत पटते: पचायला जड पण पोषणाने हलके अन्न द्यावे. जव, मूग, कुळीथ आणि ताक ही त्याची उदाहरणे. आजच्या शब्दांत सांगायचे तर तंतू आणि पाणी भरपूर, प्रथिने पुरेशी आणि कॅलरी कमी असे अन्न पोट भरते व बराच वेळ भरलेले ठेवते. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात ते परके नाही. मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, मेथीची किंवा अंबाडीची पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ज्वारी-बाजरीची भाकरी, साखर न घातलेले ताक हे सगळे इथलेच. भात आणि पोळी यांनी अर्ध्याहून अधिक व्यापलेल्या ताटात भाजी-कोशिंबिरीला अर्धी जागा द्यावी आणि डाळ, उसळ, दही, अंडे किंवा मासळी यांना पाव. प्रथिनांकडे विशेष लक्ष हवे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. ६५ किलोच्या माणसाला ती सुमारे ५४ ग्रॅम होतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम आणि पेलाभर दुधातून जवळपास तितकीच मिळतात. पातळ वरणाच्या एका वाटीवर दिवस काढणाऱ्या ताटात हा आकडा गाठणे अवघड जाते, आणि मग वजनाबरोबर स्नायूही झिजतात.

किती वेळा खावे यावर महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत घराघरांत चर्चा झाली. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायला सांगते. ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने, घरचे आणि आपल्या मातीतले खाण्याचा पुरस्कार केला. दोन्ही वाटांनी वजन उतरवलेली माणसे भेटतात, कारण दोन्हींत बराच भाग समान आहे: येता-जाता तोंडात टाकणे थांबते, पाकिटातले खाणे मागे पडते आणि व्यायाम दिनक्रमात येतो. सकाळी सातला लोकल पकडणाऱ्याला जी वेळ जमेल ती शेतावर जाणाऱ्याला जमेलच असे नाही. ज्याने त्याने आपल्या दिवसात बसेल ती वाट घ्यावी, आणि दर महिन्याला ती बदलू नये.

आहाराचा विचार एकट्या माणसाचा समजला जातो, पण भारतीय घरात चूल एकच असते. वडिलांसाठी वेगळी भाजी, आजींसाठी मऊ भात, मुलांसाठी डबा आणि आणखी एकासाठी पथ्याचे ताट असा चौपदरी स्वयंपाक कोणा एका बाईच्या अंगावर पडतो आणि महिनाभरात सगळेच विसकटते. वजन जर तिलाच कमी करायचे असेल, तर अडचण आणखी खोल असते. ती सगळ्यांना वाढून मग बसते, भूक उलटून गेलेली असते, आणि अन्न टाकू नये या संस्कारापोटी पातेल्यातले उरलेलेही तीच संपवते. तिच्या ताटातले हे जास्तीचे घास हावेचे नाहीत, जबाबदारीचे आहेत. त्यामुळे अन्न मोजून शिजवणे, उरलेले दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीत वापरणे आणि तिने घरच्यांबरोबर एकाच पंगतीला बसणे ही तिच्या आहाराची पहिली तीन कलमे ठरतात. ती घराने मिळून पाळायची असतात. मोजून तेल, रोज कोशिंबीर, कमी साखरेचा चहा हे बदल घरातल्या प्रत्येकाला मानवणारे आहेत. ते सगळ्यांसाठी एकत्र झाले तर वेगळ्या ताटाची गरज उरत नाही. वाढणाऱ्यांनीही आग्रहाचा अर्थ थोडा बदलायला हवा. एकदा नको म्हटल्यावर न वाढणे हाही मान राखण्याचाच प्रकार आहे.

व्यायामाकडून सुरुवातीला भलती अपेक्षा ठेवली जाते. ७० किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने अर्धा तास चालला तर साधारण १२० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. खाणे तसेच ठेवून नुसत्या चालण्याने वजन झपाट्याने उतरत नाही, हे आधीच माहीत असले म्हणजे तिसऱ्या आठवड्यात निराशा येत नाही. व्यायामाचे मोल काट्यावर पूर्ण दिसत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि हे वजनात फारसा फरक न पडता घडले. चालणाऱ्याचे स्नायू रक्तातली साखर अधिक चांगली वापरू लागतात, झोप सुधारते, पोटातली चरबी हटू लागते. उतरलेले वजन टिकवण्यात तर व्यायामाचा वाटा मोठा.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. मध्यम श्रम म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही इतपत धाप. हा आकडा पहिल्या दिवशी गाठायचा नसतो. ज्याने वर्षानुवर्षे व्यायाम केलेला नाही, त्याला रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली ही उत्तम सुरुवात आहे. जेवणानंतरच्या दहा मिनिटांच्या चालण्यानेही रक्तातली साखर कमी चढते. पुढे ती वीस मिनिटांची होते, मग सकाळचा अर्धा तास मिळतो. मुंबईच्या शिवाजी पार्कचा कठडा, कोल्हापूरच्या रंकाळ्याचा काठ, पुण्याच्या पर्वतीच्या पायऱ्या इथे रोज भेटणारी माणसे एकमेकांना बांधून ठेवतात, आणि ज्या दिवशी जावेसे वाटत नाही त्या दिवशी ही ओळखच घराबाहेर काढते. जिथे फुटपाथ नाहीत, किंवा बाईला पहाटे एकटीने बाहेर पडणे सुरक्षित वाटत नाही, तिथे गच्ची, जिने आणि घरातली मोकळी जागा वापरावी लागते.

घरातल्या व्यायामाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा प्रसार हे जीवितकार्य मानले. ते स्वतः रोज नमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले आणि त्यावर पुस्तके लिहिली. सतरंजीएवढ्या जागेत, कोणत्याही साधनाशिवाय, स्त्री-पुरुष दोघांनाही करता येणारा हा व्यायाम आजही तितकाच सोयीचा आहे. पहिल्या आठवड्यात दोन-तीन सावकाश नमस्कार पुरतात. जोर-बैठकांचेही सोपे रूप असते: भिंतीला हात टेकून जोर काढणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे. भारतीयांकडे स्नायू मुळातच कमी असतात हे पुण्याच्या अभ्यासाने दाखवले आहे, त्यामुळे ताकदीचा व्यायाम इथे ऐच्छिक मानू नये. वजन खूप असेल किंवा गुडघे दुखत असतील तर धावणे आणि उड्या नंतरसाठी ठेवाव्यात. पोहणे, सायकल आणि सपाट रस्त्यावरचे चालणे आधी.

झोपेची बाजू बहुतेक वेळा राहून जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात, तितकेच कमी खाऊन साडेआठ तास अंथरुणात घालवणाऱ्यांच्या मानाने साडेपाच तास घालवणाऱ्यांची चरबी निम्म्याहूनही कमी उतरली. त्यांचे घटलेले वजन मुख्यतः स्नायूंतून गेले. पहाटेच्या व्यायामासाठी झोप तोडायची असेल, तर आधी रात्रीचे जेवण आणि मोबाइल लवकर आवरावा लागतो.

आता काळाचा हिशेब. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनीही खाली येतो आणि उत्साह वाढतो. यात पाण्याचा भाग मोठा असतो. यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा चारशे-पाचशे ग्रॅमचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते; आहार घटला की हा साठा आधी उतरतो. त्यानंतर आठवड्याला अर्धा ते एक किलो हा चांगला वेग. काही महिन्यांनी तोही मंदावतो, कारण हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते आणि भूक वाढवणारे संदेश मेंदूकडे जोराने जाऊ लागतात. अति उपासमार हे संदेश किती तीव्र करते, हे अ‍ॅन्सेल कीज यांनीच १९४४-४५ मध्ये मिनेसोटात दाखवले होते. सहा महिने अर्धपोटी ठेवलेल्या ३६ निरोगी तरुणांचे वजन सुमारे पाव हिश्शाने घटले, पण ते खिन्न आणि चिडचिडे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. नवशिक्याने हे लक्षात ठेवून उपाशी राहण्याचे प्रयोग टाळावेत. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वाराला सकाळी पाहावे आणि महिन्यामहिन्याचा कल पाहावा.

सुरुवातीला मुहूर्तही मदत करतो. आठवडा, महिना, वर्ष यांच्या पहिल्या दिवशी व्यायामशाळांत गर्दी वाढते हे २०१४ मधल्या एका अमेरिकी अभ्यासाने नोंदवले; पाडवा आणि दसरा हे मराठी माणसाचे तसेच दिवस. पण मुहूर्ताचे बळ फार दिवस पुरत नाही, पुढे सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या पाहणीत एखादी नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. गणपतीत मोदक आणि लग्नात जिलेबी खाल्ल्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटाकडे परतणे महत्त्वाचे. ही परतण्याची सवय हीच सगळ्यांत उपयोगाची.

किती उतरवायचे, याचे पहिले उद्दिष्टही माफक असावे. वजनाच्या पाच ते दहा टक्के घट झाली तरी रक्तदाब, रक्तातली साखर आणि गुडघ्यांवरचा भार यांत सुधारणा दिसते. ८० किलोच्या माणसासाठी ही घट चार ते आठ किलोंची आहे. अमेरिकेत १९९४ पासून, किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षाहून अधिक काळ टिकवलेल्या हजारो माणसांची नोंदवही ठेवली जाते. त्यांचे आहार निरनिराळे होते. पण बहुतेकांनी खाण्यावर लक्ष ठेवणे, नियमित वजन पाहणे आणि रोज तासाभराच्या आसपास हालचाल करणे पुढेही सोडले नाही. वजन उतरल्यावर थांबवायचे असे त्यांच्याकडे काही नव्हते. ज्या गोष्टींनी वजन उतरले त्यांतच ते राहत होते. म्हणून सुरुवात करताना कठीण आणि थोड्या दिवसांचे असे काही निवडू नये. मोजून घातलेले तेल, ताटातली उसळ, रात्रीची शतपावली आणि वेळेवर झोप यांतले जे सहज जमेल ते आधी धरावे, ते पक्के झाले की पुढचे जोडावे, आणि घरच्यांना बरोबर घ्यावे.